वाऱ्याची तालीम

गेल्या माघात कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या जत्रेनिमित्त आम्ही सर्व भावंडे एकत्र जमलो होतो. रात्री उशिरा अग्रशाळेच्या ओसरीवर बसलो असता माझ्या थोरल्या बहिणीने हैदराबादेहून मुद्दाम आणलेले एक कागदांचे भेंडोळे माझ्यापुढे टाकले आणि ती म्हणाली, "तू वकील ना? मग यातून असे एखादे कलम शोधून काढ, की याचे जाणे आपोआप रद्द होईल." ते कागद म्हणजे विमानातून उडी घेण्याचे शिक्षण देणाऱ्या एका संस्थेचा संमतिलेख होता आणि 'हा' म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. तो हसत म्हणाला, "मामा, आईला सांगा, मी लगेच विमानातून उडी मारणार नाही. आधी काही महिने वातविवरात काढणार आहे."

'विंड टनेल' या शब्दास आपल्या कोशकारांनी 'वातविवर' असा प्रतिशब्द दिला आहे. शास्त्रदृष्ट्या तो निर्दोष असेल. पण विवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सर्पाचे बीळ किंवा थेट पाताळ उभे राहते, आणि ताईचेही तेच झाले. आकाशातून पडणे एक वेळ परवडले, पण त्यासाठी आधी विवरात शिरावयाचे, हे काय नवे संकट! मलाही त्या वेळी या विषयाचे काडीमात्र ज्ञान नव्हते. बेळगावास परतल्यावर पक्षकारांच्या कामांतून सवड काढून मी त्याचा पाठपुरावा केला, आणि संमतिलेखातील कलमांपेक्षा त्यामागचा इतिहासच मला अधिक विचार करावयास लावणारा वाटला.

पहिली गोष्ट ही, की आकाशातून उतरणे आणि आकाशातून पडणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. फ्रान्सचा आंद्रे गार्नेरिन 1797 साली पॅरिसमध्ये हवाई छत्रीने उतरला. आपल्याकडे कलकत्त्याच्या रामचंद्र चॅटर्जींनी 1890 साली हे साहस केले. परंतु हे दोघेही फुग्यातून उतरले. छत्री फुग्याखालीच टांगलेली असे आणि फुग्याशी संबंध तुटताच वाऱ्याने फुगे. पडणे असे जवळजवळ नव्हतेच. पुढे विमाने आली, वैमानिक मरू लागले, आणि प्रश्न उभा राहिला: मनुष्याने विमानापासून दूर पडून, मग स्वतःच्या हाताने दोरी ओढून छत्री उघडावी, हे शक्य आहे काय? त्या काळच्या अनेक जाणत्या लोकांचे उत्तर 'नाही' असे होते. वेगाने खाली येणारा मनुष्य श्वास कोंडून बेशुद्ध होईल, निदान त्याचा हात त्याच्या ताब्यात राहणार नाही, अशी समजूत होती. या समजुतीस पुरावा काय होता, हे मला कोठे आढळले नाही. न्यायालयात ती एक दिवसही टिकली नसती. पण तिची उलटतपासणी घेण्यासाठी कोणी तरी साक्षीदाराच्या पिंजऱ्याऐवजी विमानाच्या कडेवर उभे राहणे आवश्यक होते.

तो साक्षीदार 28 एप्रिल 1919 रोजी उभा राहिला. अमेरिकेतील ओहायो प्रांतात डेटन नावाचे शहर आहे. तेथील मॅक्कुक फील्ड या लष्करी विमानतळावर लेस्ली अर्विन नावाच्या तरुणाने, फ्लॉइड स्मिथ चालवीत असलेल्या विमानातून उडी घेतली, काही क्षण तसाच खाली आला आणि शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने दोरी ओढली. छत्री उघडली. जमिनीवर टेकताना त्याचा घोटा मोडला, पण समजूतही मोडली. (या अर्विनने पुढे छत्र्यांचा कारखाना काढला, त्याच्या नावाच्या शेवटी कागदपत्रे लिहिणाऱ्याने चुकून एक जादा अक्षर जोडले आणि 'अर्विंग' हे चुकलेले नावच कंपनीला कायमचे चिकटले, असे सांगतात. नोंदणी कार्यालयांचा अनुभव असणाऱ्या कोणाही वकिलास यात अविश्वसनीय असे काही वाटणार नाही.) तीन वर्षांनी, 20 ऑक्टोबर 1922 रोजी, त्याच डेटनवर हॅरल्ड हॅरिस या लष्करी वैमानिकाचे विमान हवेत मोडू लागले, तेव्हा अशाच छत्रीने त्याचा जीव वाचविला.

मनुष्य पडताना शुद्धीवर राहतो, एवढे सिद्ध झाले. पण तो कसा पडतो? हा प्रश्न पहिल्याहून अवघड निघाला. उडी घेतल्यापासून दहाबारा सेकंदांत शरीराचे वजन आणि हवेचा विरोध यांची बरोबरी होते आणि त्यानंतर वेग वाढत नाही. पोटावर आडवे पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा वेग ताशी सुमारे 190 किलोमीटर असतो. इतक्या वेगाने अंगावर येणारी हवा ही हवा राहतच नाही. ती पाण्यासारखी जड होते. एक हात किंचित खाली गेला की शरीर वळते, एक पाय आखडला की शरीर सरकते, आणि अवयवांवरचा ताबा सुटला तर मनुष्य भोवऱ्यासारखा फिरू लागतो. फिरत्या माणसाने छत्री उघडली तर दोऱ्यांना पीळ पडण्याची किंवा त्या त्याच्याच अंगाभोवती गुंडाळल्या जाण्याची भीती असते.

या भोवऱ्यावर उपाय शोधणाऱ्यांत फ्रेंच सैनिक लेओ व्हालांतँ याचे नाव अग्रगण्य आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्याने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून एक आसन सिद्ध केले: कंबर पुढे, पाठ कमानीसारखी, हातपाय पसरलेले. बॅडमिंटनचे फूल जसे कसेही फेकले तरी जड बाजू खाली करून येते, तसे हे आसन घेतलेले शरीर पोट खाली करून स्थिर होते. आजही जगातील प्रत्येक नवशिक्यास हेच प्रथम शिकवितात. मात्र व्हालांतँला हे शिकविणारे कोणी नव्हते. प्रत्येक चूक त्याने आकाशात केली आणि आकाशातच सुधारली. पुढे लाकडी पंख बांधून उडण्याच्या प्रयत्नात, 21 मे 1956 रोजी, लिव्हरपूल येथे हजारो प्रेक्षकांसमोर तो मरण पावला.

भोवऱ्याचे भय किती खरे होते, याचा पुरावा 16 नोव्हेंबर 1959 रोजी मिळाला. अमेरिकन हवाईदलाचा जोसेफ किटिंजर याने एका फुग्यातून 76,400 फूट उंचीवरून उडी घेतली. स्थैर्यासाठी दिलेली छोटी छत्री अवेळी सुटून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळली गेली आणि तो मिनिटाला सुमारे 120 फेरे या गतीने फिरू लागला. तो बेशुद्ध झाला. आपोआप उघडणाऱ्या राखीव छत्रीने तेवढे वाचविले. जुन्या समजुतीतील बेशुद्धी अशी चाळीस वर्षांनी खरी ठरली, पण तिचे कारण पडणे हे नसून फिरणे हे होते.

आता विवराकडे वळू. स्थिर हवेतून वस्तू जावी किंवा स्थिर वस्तूवरून हवा जावी, दोहोंचा परिणाम एकच, हे तत्त्व लिओनार्दो दा व्हिंचीने आपल्या टिपणांत नोंदवून ठेवले होते. त्याचा व्यवहारात उपयोग होण्यास मात्र 1871 साल उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडात फ्रान्सिस वेनहॅमने पहिले वातविवर बांधले. 1901 साली राइट बंधूंनी आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी केली, एका टोकास पंखा बसविला आणि सुमारे दोनशे नमुन्यांचे पंख त्या वाऱ्यात धरून तपासले. त्यांच्या विमानाचे खरे जन्मस्थान किटी हॉकची वाळू नव्हे, ही पेटी होय, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि हे सायकलचे दुकान कोठे होते? डेटन येथेच.

ही सर्व विवरे आडवी होती. 1941 साली अमेरिकेतील लँगली येथे वीस फूट रुंदीचे एक उभे विवर सुरू झाले. वारा खालून वर जाई, आणि शास्त्रज्ञ विमानाची छोटी प्रतिकृती हाताने गिरकी देऊन त्या झोतात सोडीत. प्रतिकृती जागच्या जागी तरंगत गिरक्या घेई आणि ती गिरकीतून कशी सुटते ते पाहता येई. येथवर आल्यावर पुढचे पाऊल आज आपणास उघड वाटते: प्रतिकृतीच्या जागी माणूस ठेवावा. पण उघड गोष्टी सुचण्यासही काळ जावा लागतो. 1964 साली राइट-पॅटर्सन या हवाईदलाच्या तळावरील उभ्या विवरात जॅक टिफनी हा उड्डाण करणारा पहिला मनुष्य ठरला. हा तळही डेटनलाच लागून आहे. राइट बंधूंची पेटी, अर्विनची उडी, हॅरिसचा बचाव आणि टिफनीचे तरंगणे, चारही एकाच पंचक्रोशीत घडावे, यावरून त्या गावास वाऱ्याचे क्षेत्र म्हणावयास हरकत नाही.

लष्कराच्या भिंतीआडून हा वारा लोकांत आणला तो कॅनडातील क्विबेक प्रांताच्या जाँ सँ-जेर्मँ या संशोधकाने. त्याच्या कल्पनेवरून 1982 च्या सुमारास अमेरिकेत लास व्हेगास आणि पिजन फोर्ज येथे अशी विवरे उभी राहिली, आणि 1984 साली त्यास अमेरिकन पेटंट मिळाले. पेटंटच्या मथळ्यात त्याने आपल्या यंत्रास 'लेव्हिटेशनेरियम' असे भारदस्त नाव दिले आहे. आपल्या योगशास्त्रात वर्णिलेल्या लघिमा सिद्धीची अशी सरकारी नोंदणी झालेली पाहून मला मौज वाटली. अर्थात कायद्याने वाऱ्यावर कोणाचीच मालकी होऊ शकत नाही; मालकी होते ती वारा अमुक रीतीने अडवून अमुक वाटेने वर सोडण्याच्या रचनेची. या प्रारंभीच्या विवरांत पंखा जाळीखाली असे आणि झोताबाहेर गेलेला मनुष्य बाजूच्या गाद्यांवर आपटे. 1998 साली फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे विल्यम किचन याने नवी रचना केली. तिच्यात झोत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेला असल्यामुळे त्याबाहेर पडण्याचा प्रश्नच राहिला नाही.

आजच्या विवरांत बहुधा पंखे माथ्यावर असतात. ते हवा वर ओढतात, ती बाजूच्या उंच मनोऱ्यांतून खाली उतरते, तळाशी वळते आणि एका निमुळत्या घशातून पुन्हा वर येते. जागा अरुंद झाली की वारा जोर धरतो, रुंद झाली की मंदावतो. माणसाची खोली या घशाच्या वरच्या बाजूस, पारदर्शक भिंतींची, चारपाच पावले रुंद. खाली पोलादी तारांची जाळी. झोत वर जाता जाता मंदावत असल्यामुळे मनुष्य फार वर गेला की आपोआप थोडा खाली येतो. बाहेर एक माणूस काचेतून पाहत वाऱ्याचा वेग कमीजास्त करीत बसतो. आत इतका आवाज असतो की कानांत बोळे घालावे लागतात आणि शिक्षक हातांच्या खुणांनीच बोलतो: दोन बोटे सरळ केली म्हणजे पाय लांब कर, वाकवली म्हणजे आखड, हनुवटीकडे बोट दाखविले म्हणजे मान वर. आपल्या नृत्यातील हस्तमुद्रा पाहिलेल्यांस ही भाषा अगदीच परकी वाटू नये.

या साधनाचे महत्त्व कळण्यास थोडे गणित करावे लागेल. विद्यार्थी 13,000 फुटांवर विमान सोडतो आणि साडेपाच हजारांच्या आसपास छत्री उघडतो. पहिले हजार फूट पडण्यास दहा सेकंद लागतात, पुढच्या प्रत्येक हजारास सुमारे साडेपाच. म्हणजे एका उडीत शिकण्यासाठी मिळतात जेमतेम पंचेचाळीस सेकंद. त्यांतील बरीच भीतीत जातात. पूर्वी तर याहून कठीण स्थिती होती. विमानास बांधलेल्या दोरीने छत्री आपोआप उघडे, आणि अशा कित्येक उड्या झाल्यावर मग पाच सेकंद, दहा सेकंद असे पडणे वाट्यास येई. 1980 नंतरच्या दशकात, दोन शिक्षकांनी दोन बाजूंनी धरून पहिल्याच उडीत दीर्घ पतन करविण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली, तरी पंचेचाळीस सेकंदांचे साठ झाले नाहीत. वातविवरात पाव तास तरंगणे म्हणजे वीस उड्यांतील पतन. दोन मिनिटे आत, थोडी विश्रांती, चूक समजून घेणे, पुन्हा दोन मिनिटे.

याहूनही सूक्ष्म लाभ भिंतीचा आहे. मोकळ्या आकाशात विद्यार्थी पाय आखडून मागे मागे सरकत असतो आणि त्याला ते कळतच नाही, कारण सरकलो हे सांगणारी एकही स्थिर वस्तू जवळ नसते. विवरात तीच चूक झाली की क्षणात पाठ काचेला लागते. आकाश चूक पोटात घालते. भिंत तशी घालीत नाही.

आपल्याकडे हे तत्त्व निराळ्या रूपाने दोनशे वर्षे नांदत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांना निजामाच्या मल्लांशी झुंजावयाचे होते. त्यांनी सप्तशृंगीच्या गडावर तपश्चर्या केली आणि मारुतिरायाने खांबावरच्या कसरतींचा दृष्टांत दिला, अशी परंपरा आहे. मल्लखांब हा मल्ल नव्हे, तो उलटा डाव टाकीत नाही. पण पकड, तोल आणि शरीराचा विश्वास हे सर्व तो शिकवितो. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यांत वाढलेल्या कोणाही वाचकास हे अधिक सांगणे नको.

आणि खांब जे शिकवीत नाही, ते विवरही शिकवीत नाही. विमानाच्या दारातून निघताना वारा खालून नव्हे, समोरून येतो. उंची संपत चालली आहे, घड्याळासारखे उंचीमापक पाहिले पाहिजे, ही जाणीव विवरात येत नाही. तेथे वेळ संपली तर दार उघडून बाहेर येता येते. छत्री उघडणे, ती वळविणे, इतरांस चुकवून वाऱ्याच्या तोंडास उतरणे, यांतील काहीच तेथे नाही. आणि अलीकडे कितीतरी प्राणघातक अपघात पतनात नव्हे, तर नीट उघडलेल्या छत्रीखाली, उतरताना होतात. ठराविक उंचीवर आपोआप राखीव छत्री उघडणारे विश्वसनीय विद्युत्-यंत्र 1991 पासून मिळू लागले. तेही ही शेवटची चूक सुधारू शकत नाही. आता विवरातील उड्डाण हा स्वतंत्र खेळच झाला आहे. 2015 साली प्राग येथे त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि कधीही विमानातून न उतरलेली मुले त्यात निष्णात झालेली दिसतात. अशा मुलाने आपणास आकाश येते असे समजू नये, हे मी भाच्यास दोनदा बजावले.

त्याने लगेच पुण्याच्या शीतल महाजनांचे उदाहरण पुढे केले. 2004 साली त्यांनी आयुष्यातील पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर, उणे 37 अंश थंडीत, पूर्वसराव न करता घेतली. धैर्य म्हणून त्यास तोड नाही, आणि 2011 सालची पद्मश्री त्यांना यथार्थच मिळाली. पण ती उडी 2,400 फुटांवरून होती; एवढ्या उंचीवर लांब पतनास अवकाशच नसतो. वेगळ्या तथ्यांवर दिलेला निवाडा आपल्या बाजूस लावू नये, हा नियम भाच्यास वकिलाचा वाटला. तो शहाणपणाचाही आहे. आपल्या लष्कराने तरी निराळाच निवाडा दिला आहे. हिमाचलातील बकलोह येथील विशेष दलांच्या प्रशिक्षणशाळेत 2024 साली लष्कराचे पहिले उभे वातविवर सुरू झाले.

राहिला संमतिलेख. त्यात ताईस हवे असलेले कलम सापडले नाही. 'स्वेच्छेने पत्करलेल्या धोक्याबद्दल तक्रार नाही' हे जुने रोमन सूत्र अशा प्रत्येक कागदाच्या मुळाशी असते. पण ते खेळात अंगभूत असलेल्या धोक्यापुरते आहे, चालकाच्या हयगयीस ते आपोआप क्षमा करीत नाही. आणि एकतर्फी अन्याय्य करारास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाद मागता येते. मी ताईस एवढेच सांगितले, की सही करण्यापूर्वी छत्री कोण घडी करतो, राखीव छत्री केव्हा तपासली आणि शिक्षकाच्या नावावर किती उड्या आहेत, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत.

ज्येष्ठात कामानिमित्त हैदराबादेस गेलो तेव्हा शहराबाहेर गंडीपेठ येथील विवर पाहण्यास आम्ही तिघे गेलो. पहिल्या मिनिटात भाचा तीन वेळा मागच्या काचेला लागला. शिक्षकाने दोन बोटे सरळ केली. त्याला ती दिसलीच नाहीत. तिसऱ्या फेरीस त्याने पाय लांब केले आणि खोलीच्या मध्यभागी, जाळीपासून हातभर वर, तो सुमारे अर्धे मिनिट स्थिर राहिला. ताई काचेला नाक लावून उभी होती. घरून निघताना तिने पदरात अंगाऱ्याची पुडी बांधून घेतली होती, ती तिने तशीच हातात धरली होती. तो बाहेर आल्यावर तिने त्याच्या कपाळास अंगारा लावला आणि शिक्षकाकडे वळून विचारले, "त्याचा डावा हात खाली जातो आहे का हो?" शिक्षकाने मान डोलावली, ते खरे होते. विमानातील उडी अजून व्हावयाची आहे. छत्री घडी करणाराविषयीच्या माझ्या पहिल्या प्रश्नाचे लेखी उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही, आणि ते आल्यावाचून सही करावयाची नाही, असे मायलेकरांचे एकमताने ठरले आहे.